नुकतंच बसवलेलं बटण

ताईला उठसूट आभार मानायची सवय होती. दार धरून उभं राहणाऱ्याचे, रस्ता सांगणाऱ्याचे, चुकीचा रस्ता सांगणाऱ्याचेसुद्धा. त्यामुळे जिन्याच्या ओल्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडलं, तेव्हा तिने दवाखान्यात पोचवणाऱ्या टॅक्सीवाल्याचे आभार मानले, मग एक्स-रे काढणाऱ्या मुलीचे, मग प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांचे. "डोकं वाचलं, मनगटावर निभावलं," असं ती येईल त्याला सांगत राहिली. प्लास्टर निघालं तेव्हा मात्र तिची जरा पंचाईत झाली. मनगट जागेवर होतं, दुखत नव्हतं, पण आतल्या बाजूला पूर्वीसारखं वळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "लिहिणं, भाजी चिरणं, गाडी चालवणं, सगळं जमेल." गिटारचं ते काही बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. उत्तर नको असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

ताई इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. ऑर्केस्ट्रा घरचाच होता. ड्रमवर तिचा धाकटा भाऊ, गायला भावजय, कीबोर्डवर भावजयीचा मामा. भाऊ ताई म्हणतो म्हणून सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून चांगला मोठा असलेला मामासुद्धा. त्याच न्यायाने तिचा नवरा हा सगळ्यांचा भावोजी. भावोजी समोरच्या कोपऱ्यात साउंडचा बोर्ड घेऊन बसायचे आणि त्यावरच्या पट्ट्या वरखाली सरकवायचे. 'हं' याच्यापलीकडे त्यांचं मत सहसा बाहेर पडत नसे. कार्यक्रम रंगला तरी हं, माइक शिट्ट्या मारायला लागला तरी हं. ताई म्हणायची, "सगळ्यांचा आवाज यांच्या हातात, यांचा स्वतःचा तेवढा सापडत नाही."

आता, इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावर आवाजाचं एक गोल बटण असतं. कुठल्या गिटारवर ते तारांना खेटून असतं, कुठल्यावर पार खालच्या कडेला. बघणाऱ्याला वाटतं, कुठे का असेना! वाजवणाऱ्याला विचारा. फार जवळ असलं तर जोरात वाजवताना हात आपटून ते फिरतं आणि ऐन रंगात आवाज पडतो. फार लांब असलं तर तिथवर पोचायला हात तारांवरून उचलावा लागतो, आणि उचललेला हात तालात परत येईलच याची खात्री नाही. ताईच्या गिटारवर ते जवळ होतं आणि तिच्या हाताला ते इतकं सरावाचं झालं होतं की बटण म्हणून वेगळं काही आहे हे तिला आठवतही नसे. चिमटीत तार छेडायचं प्लास्टिकचं पिक धरलेलं, करंगळी बटणावर. बटण बंद करायचं, तार छेडायची, छेडल्याचा 'टक्' कोणाला ऐकूच जाऊ द्यायचा नाही, आणि मग करंगळीने आवाज हळूहळू उघडायचा. दार किलकिलं झाल्यावर उजेड आत यावा तसा तो सूर यायचा. भावजयीचं सगळ्यात गाजलेलं गाणं अशाच एका सुराने सुरू व्हायचं. बाकी सगळे गप्प, फक्त तो सूर, आणि तो पुरता उघडला की त्यावर भावजयीचा पहिला शब्द.

मनगट वळेना झाल्यापासून हात तारांवर ताठ आणि जरा वरून यायला लागला. करंगळी बटणाच्या वर, हवेत. तिथवर न्यायची तर सगळा हात खाली सरकवावा लागे, आणि तेवढ्यात तार हातची जाई. भावाने पायाने दाबायचं एक पेडल आणलं. सूर उघडताना ताई एका पायावर डुलायला लागली, दोनदा मामाच्या अंगावर गेली. तिने भावाचे आभार मानले आणि पेडल परत केलं.

"बटण हलवून घेतलं तर?" भावजयीने विचारलं.

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली.

तेव्हा भावोजींनी त्या आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "अंगण वाकडं असेल तर सरळ करून घ्यावं."

गावाबाहेर नवं सभागृह बांधून होत आलं होतं आणि त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम यांना मिळाला होता. सुरुवात त्याच गाण्याने. ताईने जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तालमीत जमलं तर ठीक. नाही तर दुसरा गिटारवाला बघा. मी दाराशी उभी राहून तिकिटं फाडीन." ती हसत बोलली, पण कोणी हसलं नाही. असं ती कधीच उगाच बोलत नसे हे सगळ्यांना माहीत होतं.

गिटारच्या दुरुस्तीवाल्याला सगळे वैद्यबुवा म्हणत, कारण वाद्य टेबलावर आडवं केल्याबरोबर तो त्यालाच विचारायचा, "काय, कुठे दुखतंय?" उघडे पडलेले रेडिओ, वायरींची भेंडोळी, वायरी जोडायच्या डाखाचा जळका वास, आणि त्यात वैद्यबुवाची अखंड बडबड. त्याने ताईला स्टुलावर बसवलं, गिटार मांडीवर दिली आणि डोळे मिटून वाजवायला सांगितलं. करंगळी जिथे टेकली तिथे खडूने फुली मारली. "झालं! माझा हात कधी चुकत नाही," म्हणत त्याने ड्रिल उचललंसुद्धा. ताई आभार मानायला उठली, पट्टा खांद्यावर आला, गिटार अंगाला सरळ लागली, आणि फुली गेली मनगटाखाली.

"तुम्ही उभ्याने वाजवता?" वैद्यबुवा ओरडला.

"स्टेजवर बसून कोण वाजवतं?"

"मग आधी सांगायचं नाही का!"

"तुम्ही स्टूल पुढे केलंत. मी थँक्यू म्हणून बसले."

वैद्यबुवाने ड्रिल खाली ठेवलं आणि घाम पुसला. "लाकडाला एकदा भोक पाडलं की पाडलं. ते बुजवता येतं, विसरता येत नाही. ठेवून जा. बघतो काहीतरी."

चार-सहा दिवसांनी गिटार आणायला भावोजी गेले. ते परतले तेव्हा ताई धुण्याच्या मशीनजवळ होती आणि मशीन कपडे पिळत होतं, म्हणजे घराचं विमानतळ झालं होतं. भावोजींनी दारातूनच निरोप दिला. निरोप शब्दाला शब्द पोचवायचा, पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"नुसतंच बसवलंय म्हणाला. वाजवून बघ. जुनं पूर्ण उघडं ठेव."

ताईने ऐकलं, नुकतंच बसवलंय.

तिने ओले हात पुसले आणि गिटार बाहेर काढली. जुन्या बटणापासून चांगलं दोन बोटं वर, गिटारच्या मानेच्या बाजूला, एक नवं काळं बटण होतं. नुकतंच बसवलंय म्हणजे अजून कच्चं असणार, म्हणून तिने ते पहिले दोन दिवस नव्या चपलेसारखं जपून वापरलं. घरात गिटारला वायर लावायची सोय नव्हती. भिंती पातळ, शेजारी तापट. तिने नुसत्या तारांवरच सराव केला. उभी राहून, आरशासमोर. बंद, छेड, उघड. पुन्हा बंद, छेड, उघड. करंगळी आधी बटण शोधायची, मग चाचपायची, आणि मग एका सकाळी न शोधता थेट त्यावर जाऊन टेकली. हात बसला. ताईला इतका आनंद झाला की तिने आरशाचे आभार मानले असते.

तालीम एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत असायची. वेगळे स्पीकर ठेवायला जागा नव्हती, म्हणून गिटारचा आवाजही सरळ भावोजींच्या बोर्डात जायचा आणि तिथून बाहेर पडायचा. ताईने वायर लावली. भावाने ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या. भावजय माइकशी उभी राहिली आणि उगाचच केस नीट करायला लागली. ताईने बटण बंद केलं आणि तार छेडली.

टक्! पुरता उघडा, रोखठोक सूर.

"पुन्हा," ताई म्हणाली. बंद नीट झालं नसेल. तिने करंगळी शेवटपर्यंत वळवली, डोळे मिटले आणि तार छेडली.

काही ऐकू आलं नाही. मग, कुठूनसा, तो सूर आला. करंगळी फिरत गेली आणि सूर उघडत गेला. भावजय पहिला शब्द विसरली. मामा कीबोर्डवर हात ठेवून नुसताच बघत राहिला. "अगं ताई!" एवढंच भाऊ म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. मग गाणं पहिल्यापासून घेतलं, पुन्हा घेतलं. एकदा भावजयीला ऐन वेळी खोकला आला, तेव्हा ताईने सूर अर्ध्यावर धरला, जरासा मिटला, तिचा श्वास होईपर्यंत थांबली आणि मग उघडला. सगळं मनासारखं झालं. त्या संध्याकाळी ताईने झाडून सगळ्यांचे आभार मानले. भावोजी वायरी गुंडाळत होते. त्यांना ती जाता जाता म्हणाली, "आवाज छान होता हं आज."

"हं," भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन ती वैद्यबुवाकडे गेली. पुडा बघून तो खूष झाला. "बसला ना हात? उभ्याने? आता कसं, बिनधास्त भोक पाडू," म्हणत त्याने गिटार टेबलावर घेतली, काळं बटण चिमटीत धरलं आणि ओढलं. ते टपकन हातात आलं. खाली बटण फिरण्यापुरती एक चकती, चकतीला चिकटपट्टी. गिटारचं लाकूड गुळगुळीत, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"हे काय केलंत?" ताई किंचाळलीच.

"काय केलं? जुन्या रेडिओचं बटण आहे. निरोप दिला होता ना, नुसतंच बसवलंय म्हणून? आधी हाताला जागा ठरवू दे, मग भोक."

"पण ते चालत होतं! काल तालमीत चाललं. आवाज कमी होत होता, वाढत होता."

वैद्यबुवाने बटण उलटंपालटं करून दाखवलं. "ताई, याला ना वायर, ना काही. हे कपाळाला लावलं असतंत तरी एवढंच चाललं असतं."

ताईने ती चिकटपट्टी बोटाने दाबून बघितली. आवाज ज्याच्या हाताखाली होता असा त्या खोलीत एकच माणूस होता.

पहिल्यांदा तिला राग आला, चांगला सणसणीत. रडू नये म्हणून लहान मुलाच्या हातात बंद पडलेला रिमोट द्यावा, तसं आपल्याला खेळवलं! बसथांब्याच्या बाकावर बसून तिने मनातल्या मनात भावोजींना धारेवर धरलं. एक बस गेली. मग तिला तो खोकला आठवला. सूर अर्ध्यावर धरायचा, जरासा मिटायचा, थांबायचं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाच आधी माहीत नव्हतं. तरी आवाज तसाच धरला गेला, तसाच मिटला, तसाच उघडला. गाणं कितीही पाठ असलं तरी हे साधत नाही. त्यासाठी समोरच्या माणसाच्या करंगळीवर डोळा ठेवून बसावं लागतं. आपल्याकडे इतकं निरखून बघणारं कोणी जगात आहे, हे तिला त्या बाकावर बसल्यावर कळलं. ताईचे डोळे भरून आले. दुसरी बसही गेली.

घरी भावोजी शर्टाला इस्त्री करत होते.

"अहो, वैद्यबुवाने काय निरोप दिला होता?"

"नुसतंच बसवलंय."

"नुसतंच?"

"नुसतंच."

"मी नुकतंच ऐकलं."

भावोजींनी इस्त्री उभी करून ठेवली. "तरीच," ते म्हणाले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि आधी ताईला हसू फुटलं, मग भावोजींना. हसता हसता ताई खुर्चीत बसली.

"तालमीत कळलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुला माहीत आहे, हाताला सवय म्हणून फिरवते आहेस. मग टक् झालं आणि तू म्हणालीस, पुन्हा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोलणार तेवढ्यात तू छेडलीस. हात आपोआप गेला बोर्डावर."

"आणि नंतर?"

"नंतर तू हसलीस. प्लास्टर निघाल्यापासून पहिल्यांदा. मग कसं सांगणार?"

"मला रागवायचंय तुमच्यावर."

"रागव की."

पण राग कुठे राहिला होता! तिने विचारलं, "तिथून करंगळी एवढी दिसते?"

"बघितलं तर दिसते. पहिल्यापासून बघतोय. करंगळी वळली की मी कीबोर्ड जरा खाली घेतो. नाही तर तुझा बारीक सूर दबतो."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून."

ड्रम आणि कीबोर्डच्या गदारोळातून आपला बारीकसा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, ही आपल्या हाताची करामत असं ती इतकी वर्षं समजत आली होती. लोक येऊन सांगायचे, ती त्यांचे आभार मानायची. आता ती उठून उभी राहिली आणि स्टेजवरून बोलल्यासारखी म्हणाली, "मी तुमची मनापासून आभारी आहे." असलं वाक्य त्या घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं. भावोजी इतके गोंधळले की त्यांनी शर्टाची एकच बाही दोनदा इस्त्री केली.

"भोक पाडून घे पण," थोड्या वेळाने ते म्हणाले. "नव्या हॉलमध्ये बोर्ड पार मागे आहे."

"पाडून घेईन. पण एक सांगा. तिथे सूर उघडला, तर तो माझ्या हाताने उघडला की तुमच्या, हे मला कसं कळणार? माझी बोटं जरा अडखळली की तुम्ही सावरणार. मला ओळखूही येणार नाही. आणि माझ्याच हाताने येत नसेल, तर मला ते माहीत असायला हवं."

भावोजी इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. हं सुद्धा नाही.

वैद्यबुवाने भोक पाडलं, वायरी जोडल्या, आणि या वेळी निरोप न पाठवता ताईच्या कानापाशी येऊन ओरडला, "जोडलंय!" दुकानात ते वाजलं. पण दुकानात कोणाचा हात थरथरतो? नव्या सभागृहात शेवटच्या दिवसापर्यंत खुर्च्या ठोकायचं काम चालू होतं, त्यामुळे तिथे तालीम झालीच नाही. ताईने भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कोणाच्या का हाताने होईना, सूर आला म्हणजे झालं."

"तुला झालं," ताई म्हणाली. "मला नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. पडद्यामागे ताईने गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला. पडदा सरकला, दिवे मंद झाले. भावाने काड्या मांडीवर ठेवल्या, भावजयीने माइक धरला आणि सगळं सभागृह गप्प झालं. ताईने करंगळी नव्या बटणावर ठेवली. तिने ते बंद केलं आणि मान वर करून पार मागे, शेवटच्या रांगेच्याही मागे, बोर्डावरच्या छोट्या दिव्याकडे बघितलं.

भावोजी उभे होते. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ, बोटं पसरून धरले होते.

ताईने तार छेडली. टक् आला नाही. करंगळी थरथरली, तसा सूरही एकदा थरथरला, आणि कोणी तो सावरला नाही. तिचा तिनेच सावरला. मग तो उघडत गेला. शेवटच्या रांगेतला एक माणूस मागे वळून भावोजींना खाली बसायची खूण करत होता, पण सूर पुरता उघडून भावजयीचा पहिला शब्द येईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.